दर वेळी त्याच वळणावर उतरावं लागतं

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय ४६. लहानपणी सायकल चालवायची, त्यानंतर थेट पाच महिन्यांपूर्वी पुन्हा सुरुवात केली. सपाट रस्त्यावर २०-२५ किलोमीटर आरामात होतात. त्रास आहे तो एका चढाचा. अडीच किलोमीटरचा चढ, सरासरी पाच टक्क्यांचा (म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर उंची), मधल्या एका वळणावर मात्र बराच उभा. त्या वळणाशी ती दर वेळी उतरते आणि तेवढा टप्पा सायकल हातात धरून चालते. सुरुवातीला माथ्यावर पोचायला २१ मिनिटं लागायची, आता १९ लागतात. गेला दीड महिना आकडा तिथेच अडकला आहे. आठवड्यातले पाच दिवस ती हाच चढ चढते, तोही जीव तोडून. वजन उतरावं म्हणून सकाळी काही न खाता निघते. सायकलीला पुढे, पॅडलपाशी, साखळीची तीन दातेरी चक्रं आहेत. त्यातलं सगळ्यात लहान ती वापरत नाही, कारण ‘त्याची सवय लागली की पाय कधीच तयार होत नाहीत’ असं सोबतच्या एकाने सांगितलं आहे. रविवारच्या गटातले लोक माथ्यावर वाट पाहत थांबतात याची तिला इतकी लाज वाटते, की गेले तीन रविवार काहीतरी कारण काढून ती गेलीच नाही. तिचे प्रश्न असे: हलकी सायकल घेऊ का? वय आड येतंय का? की चढ आपल्यासाठी नाहीतच, हे मान्य करून सपाटीवरच राहू?

•

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या प्रश्नाऐवजी मधल्या एका ओळीवर थांबले. तुम्ही लिहिलं आहे, ‘पहिला अर्धा किलोमीटर मी सगळ्यांबरोबर असते, नंतर एकदम संपते.’ तुमच्या अडचणीचं मूळ मला त्या ओळीत दिसतं. वळणाला आपण उगाच दोष देतो आहोत.

सपाटीवर सायकल चालवताना आपली बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, त्यामुळे जरा कमी ताकदीचा माणूसही गटाबरोबर टिकतो. चढावर वेग कमी असतो, हवेचा अडथळा नावापुरता उरतो, आणि जवळजवळ सगळी ताकद स्वतःचं आणि सायकलीचं वजन वर उचलण्यात जाते. तिथे कुणाच्या मागे राहून फारसा फायदा नाही. हिशेबही सरळ आहे: दीडपट वेग म्हणजे दीडपट ताकद. तुमच्या वेळेवरून तुमचा सरासरी वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास पडतो. गटाबरोबर पहिला अर्धा किलोमीटर तुम्ही ताशी १२ ने जात असाल, तर त्या अडीच मिनिटांत तुम्ही स्वतःच्या टिकाऊ वेगाच्या दीडपट खर्च करता. शरीर तेवढं देतं, पण उधारीवर. श्वास पुरेनासा होतो, मांड्या जड होतात, आणि नेमकी वसुली सुरू होते तेव्हा समोर ते उभं वळण येतं. तुम्हाला वाटतं वळणाने उतरवलं. उतरायचं ठरलं होतं ते खालीच, पहिल्या अडीच मिनिटांत.

म्हणून पहिली गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची: चढाची सुरुवात इतकी हळू करा की तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. चढाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात एक पूर्ण वाक्य मधे न थांबता बोलता आलं पाहिजे. ‘आज हवा छान आहे, वर गेल्यावर पाणी पिऊ’ एवढं वाक्य. ते तुटत असेल तर वेग कमी करा. कितीही कमी वाटला तरी. इथे लोक पुढे जातील, जाऊ द्या. मधल्या भागात दोन-तीन शब्दांवर श्वास लागला तर चालेल. ताकद उरली असेल तर ती शेवटच्या पाचशे मीटरवर खर्च करा. हा एक बदल नीट केला, तर बाकी काहीही न बदलता कदाचित तुम्ही ते वळण सायकलवर बसून पार कराल.

आता त्या लहान चक्राबद्दल. मला इथे जरा ठासून बोलायचं आहे, कारण हा समज खूप जणांच्या डोक्यात आहे आणि त्यापायी गुडघे दुखावलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्या सायकलीच्या चक्रांचे दाते तुम्ही मोजून कळवले, ते बरं केलंत. पुढचं मधलं चक्र ३८ दात्यांचं, लहान २८ चं, आणि मागचं सगळ्यात मोठं ३२ चं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरू. मधल्या चक्रावर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. लहान चक्रावर १.८ मीटरच्या थोडी वर. उभ्या वळणावर तुमचा वेग ताशी सहा किलोमीटर असेल, तर मधल्या चक्रावर पाय मिनिटाला ४० फेरेच फिरतात. लहान चक्रावर तेच ५४ होतात. वेग तोच, एकूण काम तेच, पण प्रत्येक फेऱ्याला पॅडलवर द्यावा लागणारा जोर सुमारे एक चतुर्थांशाने कमी. ४० फेऱ्यांवर पॅडल ‘दाबत’ न्यावं लागतं, जणू एकेक पायरी चढतोय. त्यात मांडी लवकर भरून येते आणि गुडघ्यावर ताण पडतो. मिनिटाला साठ फेऱ्यांच्या जवळ गेलात की पाय गोल फिरू लागतात आणि बराचसा भार हृदय आणि फुप्फुसं उचलतात. मांडीच्या तुलनेत ती लवकर सावरतात.

‘पाय तयार होत नाहीत’ हा आक्षेप जुनाच आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली, आणि तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची यंत्रणा हा दुबळेपणा वाटायचा. शर्यतीत डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये, देग्रांज यांनी सूत्रं खाली ठेवल्यावर. तोवर जगातले उत्तमोत्तम सायकलपटू डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला चढासाठीचं वेगळं चक्र असायचं. म्हणजे सोपा गिअर त्यांनाही हवाच होता, तो मिळवायला फक्त जास्त खटपट करावी लागायची. आज व्यावसायिक सायकलपटूही चढावर हलका गिअर लावतात. तुमच्या सायकलीवर ते लहान चक्र बसवणाऱ्याने ते चढासाठीच बसवलं आहे. वापरा.

वापरताना एवढं सांभाळा: पुढचं चक्र बदलायचं ते चढ उभा व्हायच्या आधी. साखळीवर पूर्ण जोर असताना पुढचं चक्र बदललं की साखळी कुरकुरते, कधी निसटते, आणि मग उतरावंच लागतं. बदलताना अर्धा फेरा पाय हलका सोडा. तुमच्या वळणाच्या ५०-६० मीटर आधी एखादी खूण ठरवून ठेवा, झाड, खांब, काहीही. तिथे लहान चक्र लागलेलंच असलं पाहिजे. मागच्या बाजूला एकदोन सोपे गिअर शिल्लक ठेवा. वळणात शिरताना ‘अजून एक आहे’ हे माहीत असणं मनाला फार धीर देतं.

ज्यांच्या सायकलीला पुढे एकच किंवा दोनच चक्रं आहेत, आणि सगळ्यात हलका गिअर लावूनही मिनिटाला ५० फेरे होत नाहीत, त्यांनी नवी सायकल बघण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलण्याचा विचार करावा. २८ ऐवजी ३२ किंवा ३४ दात्यांचं मोठं चक्र असलेली कॅसेट बसते का, हे मागच्या डिरेलरवर अवलंबून असतं. मेकॅनिक पाहून सांगेल. खर्च नव्या सायकलीच्या मानाने किरकोळ आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

तुमच्या हलक्या सायकलीच्या प्रश्नाचं उत्तरही हिशेबातच आहे. तुमचं वजन, सायकल, पाण्याची बाटली धरून ८५ किलो होतात असं समजू. अडीच किलोमीटरवर पाच टक्के म्हणजे तुम्ही हे ८५ किलो १२५ मीटर उंच नेता. तीन किलोने हलकी सायकल घेतली तर ओझं साडेतीन टक्के कमी होईल. १९ मिनिटांतून चाळीसेक सेकंद वाचतील. चाळीस सेकंदांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. हलकी सायकल हातात घेतानाही आनंद होतो, आणि आनंदासाठी घ्यायची तर जरूर घ्या. पण वळणावर उतरावं लागतं ते त्या तीन किलोंमुळे नाही, आणि नवी सायकल घेऊनही त्याच वळणावर उतरलात तर जे वाटेल ते आजच्यापेक्षा वाईट असेल. निदान सहा महिने थांबा.

शरीराच्या वजनाचा हिशेबही तसाच आहे, तीन किलोंना तेवढेच सेकंद. पण उपाशीपोटी जीव तोडून चढ चढणं हा त्यासाठीचा मार्ग मला पटत नाही. रात्रभराच्या उपासाने यकृतातला साखरेचा साठा उतरलेला असतो. हळू, सपाट फेरफटका असेल तर शरीर निभावून नेतं. जोर लावायच्या दिवशी मात्र पाय लवकर रिकामे होतात, डोकं हलकं होतं, आणि घरी आल्यावर माणूस दिवसभर थकलेला राहतो. चढाच्या दिवशी तासभर आधी थोडं, पचायला हलकं असं काही खाऊन निघा. वजन उतरायचं असेल तर ते दिवसभराच्या खाण्यात सावकाश उतरू द्या. सायकलीवरची वेळ त्याची शिक्षा भोगायची नसते.

आता ‘दीड महिना प्रगतीच नाही’ याकडे येते. इथे तुमचं एक गृहीत मला तपासून पाहावंसं वाटतं: प्रगती म्हणजे घड्याळातला आकडा. २१ वरून १९ मिनिटं, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास वेग वाढला. नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांत असा फायदा चटकन मिळतो, कारण रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. हे बदल लवकर होतात. स्नायूंत नव्या केशवाहिन्या तयार होणं, पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता वाढणं याला आठवडे आणि महिने लागतात. स्नायुबंध तर त्याहून सावकाश घट्ट होतात. तुम्ही नेमक्या त्या दोन टप्प्यांच्या मधे उभ्या आहात. बाहेरून थांबल्यासारखं वाटतं, आत काम चालू असतं.

फक्त त्या कामाला तुम्ही सवड देत नाही आहात. आठवड्याचे पाच दिवस तोच चढ, तोही पूर्ण जोराने! ताकद चढताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत वाढते. सोमवारी थकलेले पाय मंगळवारी तेच काम करतात, म्हणून तोच आकडा येतो. पुढचे सहा आठवडे असं करून पाहा. चढाचे दिवस दोनच, मधे किमान दोन दिवसांचं अंतर ठेवून. त्यातल्या एका दिवशी संपूर्ण चढ, वर सांगितल्यासारखा बोलण्याच्या श्वासावर. दुसऱ्या दिवशी चढाचा मध्यम भाग निवडायचा, तीन मिनिटं नेटाने चढायचं, जपून खाली यायचं, आणि असं चारदा. चौथ्या वेळी पहिल्याइतकाच पल्ला गाठता आला पाहिजे. नाही आला तर पहिला फार जोरात गेला असं समजा. आणखी एक-दोन दिवस सपाटीवर निवांत. उरलेल्या दिवशी झोप. दर चौथा आठवडा आणखी हलका.

आणि घड्याळ महिन्यातून एकदाच बघा. उलटा वारा, ऊन, आदल्या रात्रीचं जागरण यातलं काहीही मिनिटभर इकडेतिकडे करू शकतं, आणि आपण मात्र रोज त्या मिनिटाला आपली लायकी समजतो. त्याऐवजी वहीत तीन गोष्टी लिहा. वळणापाशी कोणता गिअर होता. वाक्य पहिल्यांदा कुठे तुटलं. आणि माथ्यावर पोचल्यावर श्वास मूळ पदावर यायला किती वेळ लागला. या तिन्हींत फरक पडू लागतो आणि घड्याळाला त्याचा पत्ताही नसतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर निराशा नको: चढ कधी ‘सोपा’ वाटत नाही. ताकद वाढली की आपण नकळत वेग वाढवतो आणि धाप तेवढीच लागते. ‘अजूनही दम लागतो’ ही म्हणूनच प्रगती न झाल्याची खूण नाही. खरं काय ते पाहायचं असेल तर एखाद्या दिवशी मुद्दाम जुन्याच वेगाने चढून बघा.

वयाबद्दल थोडक्यात. वय वाढतं तसा हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग हळूहळू उतरतो आणि सावरायला जास्त वेळ लागतो, हे खरं आहे. पण ज्याने वीस-पंचवीस वर्षं सायकल चालवलेली नाही, त्याला सुधारायला केवढी तरी जागा असते, आणि ती पुढची काही वर्षं सहज पुरते. चाळिशीनंतर जोराचा व्यायाम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, हे मात्र नक्की. छातीत दुखणं, दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित वाटणं यातलं काही झालं तर ताबडतोब थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. त्याला दम लागणं म्हणून सोडून देऊ नका.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते असं तुम्ही ताज्या कलमात लिहिलं आहे. लहान चक्राने ती कमी होईल, पण सीटची उंचीही बघा. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. माझी सीट पहिलं वर्षभर दोन बोटं खाली होती. दुकानातून आली तशीच मी ती वापरली, आणि दुखणाऱ्या गुडघ्याचं खापर मी चढावर फोडत राहिले. दोन बोटांनी फरक पडला.

वळणावरच्या काही बारीक गोष्टी. वळणाची आतली कड सगळ्यात उभी असते, बाहेरची जरा सपाट. आपल्या बाजूच्या रस्त्यात राहूनच शक्य तेवढं बाहेरून घ्या, मागच्या वाहनाचा अंदाज घेऊन. नजर पुढच्या चाकावर ठेवलीत तर हँडल डोलतं, म्हणून दहा-पंधरा मीटर पुढे बघा. हँडलवरची पकड सैल ठेवा. घट्ट मुठी आणि कानापर्यंत चढलेले खांदे यांनी चाक एक इंचही पुढे जात नाही. उभं राहून चालवायचं असेल तर उठण्याआधी मागे एक गिअर जड करा आणि वीस-तीस फेऱ्यांनंतर पुन्हा बसा. उभं राहिल्याने ठोके वाढतात, म्हणून तो मांड्यांना बदल म्हणून ठीक, चढण्याची पद्धत म्हणून नाही.

आणि उतरण्याची लाज. १९१० मध्ये टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरिनीज पर्वताच्या मोठ्या खिंडींतून गेली. तेव्हाचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे: कच्च्या रस्त्यावरून एक सायकलपटू सायकल हातात धरून चालत चढतो आहे. त्याचं नाव ऑक्ताव लापीझ. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. तुमच्या वळणावर चालताना हे आठवलं तर बरं वाटेल.

पण मला वाटतं, तुम्हाला खुपतं ते चालणं नाही, नाइलाजाने उतरणं खुपतं. मग नाइलाज होण्याआधी स्वतः थांबा. वळणाच्या अलीकडे जिथे चढ जरा मवाळ आहे तिथे, ताकद शिल्लक असताना, एक मिनिट थांबा, रस्त्याच्या कडेला. पाणी प्या, श्वास खाली येऊ द्या, मग निघा आणि वळण बसून पार करा. दोन-तीन आठवड्यांनी थांबा वळणाच्या पलीकडे न्या. नंतर काढून टाका. चढावर पुन्हा निघताना आधी हलका गिअर लागलेला हवा, दोन्ही ब्रेक धरलेले, एक पॅडल वर आणि किंचित पुढे. त्यावर पूर्ण जोर देत ब्रेक सोडायचे, दुसरा पाय लगेच पॅडलवर. हे आधी एखाद्या रिकाम्या, हलक्या चढावर दहा-बारा वेळा करून पाहा. थांबल्यावर पुन्हा निघता येईल असा भरवसा आला की थांबायची भीतीच कमी होते.

रविवारच्या गटाचं काय करायचं? तीन वाटा दिसतात. गट सोडायचा, तसंच ओढत राहायचं, किंवा सरळ बोलायचं. पहिल्या दोन तुम्ही करून पाहिल्या आहेत. माथ्यावर थांबलेले लोक तुमच्यावर वैतागतात हे तुम्ही गृहीत धरलं आहे. पत्रात कुणाचं तसं एकही वाक्य नाही. चढाच्या माथ्यावर माणसं थांबतात ती बहुतेक स्वतःचा दम खायला. गटाला सांगा, ‘चढाच्या दिवशी मी तुमच्या दहा मिनिटं आधी निघते.’ मग तुम्ही आपल्या वेगाने चढाल, ते मागून येतील, आणि सगळे साधारण एकाच वेळी वर पोचाल. मागून कुणाच्या येण्याची चाहूल लागली तरी वेग वाढवायचा नाही, एवढं एक पथ्य.

सपाटीवरच राहावं का, याचंही प्रामाणिक उत्तर देते. चढ न आवडणं हा गुन्हा नाही. लांब, सपाट पल्ल्यांची सायकल तेवढीच खरी आहे. गुडघ्यांचं किंवा हृदयाचं दुखणं असलेल्या वाचकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने मोटरच्या मदतीची सायकलही निःसंकोच घ्यावी. पॅडल त्यावरही मारावंच लागतं. पण तुम्ही आठवड्यातून पाच वेळा त्याच चढाकडे वळता आणि दाते मोजून पाठवता. चढ न आवडणारं माणूस असं करत नाही. लाज वाटते म्हणून सोडणार असाल, तर आधी सहा आठवडे लहान चक्रावर, हळू सुरुवात करून चढून पाहा आणि मग ठरवा.

त्यानंतर मला पुन्हा लिहा. वळणापाशी कोणता गिअर होता आणि वाक्य कुठे तुटलं, एवढं कळवा. वेळ नाही कळवलीत तरी चालेल.